माझ्या कपाळाचा धुरा

आमच्या घरात माणूस कोणाकडचा आहे ते त्याचे केस कुठून सुरू होतात यावरून कळायचं. बाबांकडच्या सगळ्यांचे केस भुवयांच्या वर तीन बोटं सोडून सुरू व्हायचे, तेही एका सरळ रेषेत. आत्याची तीच रेघ, काकाची तीच. मायकडची गोष्ट निराळी. मामाचे केस कानांच्या वर तेवढे उरले होते, मधलं सगळं मैदान. माझ्या बहिणीच्या कपाळावर मधोमध केसांचं एक टोक उतरलेलं होतं. त्याखाली टिकली लावली की ती फार छान दिसायची आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे आरसा कायम तिच्याच ताब्यात.

माझ्या वाट्याला आधी बाबांची रेघ आली होती. बाविसाव्या वर्षापर्यंत मी सुखात होतो. मग मामाकडचा वारसा लागू झाला.

दोन शेतांच्या मधल्या बांधाला आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. शेजारी चलाख असला की दरवर्षी वखरता वखरता धुऱ्याची बोटभर माती आपल्याकडे ओढतो. बोलायला जावं तर वर तोंड करून म्हणतो, "कुठं सरकला? जिथला तिथं तं हाय!" माझ्या कपाळाचं अगदी तसंच चाललं होतं. दर दिवाळीला आरशात पाहावं तर दोन्ही बाजूंनी धुरा बोटभर मागे गेलेला, मधे तेवढी केसांची एक जीभ पुढे उरलेली. शेतातला धुरा असता तर तलाठ्याकडे तरी गेलो असतो. इथे भांडायचं कोणाशी?

बाबांना याचा फार राग. स्वतःचे केस पासष्टाव्या वर्षीही असे दाट, की कंगवा आत गेला की अडकायचा. बंडीच्या खिशात तो कंगवा कायम असायचा. शेतातून आले की हातपाय धुवायच्या आधी केस विंचरायचे. माझ्या डोक्याकडे पाहून ते मायला सुनवायचे, "हे तुह्या घरचं. माह्या घरी असं कोनाचंच नोतं." मायही कमी नव्हती. ती म्हणायची, "डोक्यावरचं माह्या घरचं, मंग डोक्यातलं कोनाच्या घरचं ते बी सांगा." आत्या मात्र माझी बाजू घ्यायची. मोठ्या कपाळाचा माणूस नशीबवान असतो, असं तिचं ठाम मत होतं. माझं नशीब दरवर्षी बोटभर वाढत होतं म्हणायचं.

तेव्हा मी तिशीला टेकलो होतो आणि लग्न जमत नव्हतं. कापूस आणि सोयाबीन दोघांनी मिळून माणसांना रडकुंडीला आणलं होतं आणि पेपरात रोज कोणत्या तरी गावच्या कास्तकाराची बातमी असायची, अशी ती वर्षं. शेतकऱ्याच्या घरात पोरगी द्यायला शेतकरीच तयार नसायचा. माझ्याकडे त्यातल्या त्यात एक हुकमाचा पत्ता होता. अकोल्याच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत नोकरीला होतो, परीक्षानळ्या धुवायच्या का होईना, पण पक्की नोकरी. तरी सात ठिकाणी नकार आला. एका घरून तर असा निरोप आला की मुलगा चांगला आहे, पण मुलगी म्हणते काका वाटतो. मी तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी जेवलो, कारण मायने वांग्याची भाजी केली होती.

आठवं स्थळ मोर्शीचं होतं. संत्र्याच्या बागेवाले लोक, मुलगी बी.ए. झालेली. मध्यस्थ आमच्या नात्यातलेच, बडनेऱ्याला रेल्वेत होते. या वेळी मी काहीच नशिबावर सोडलं नाही. फोटो काढायला गेलो, तर फोटोवाल्याने न सांगताच निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मला बाबांची रेघ परत दिली. इतका सुंदर फोटो माझा आधी कधी निघाला नव्हता आणि नंतर तर प्रश्नच नाही. तो फोटो मोर्शीला गेला, पसंत पडला. मग आम्ही मुलगी पाहायला गेलो ते माघात. थंडी होती, म्हणून मी मफलर बांधला. बाकी कोणी बांधला नव्हता. मुलगी चहा घेऊन आली, समोर बसली. तिने मला एकच प्रश्न विचारला.

"कान दुखतो का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मला ती अशी काही आवडली, की परत येताना सगळा रस्ता मी कान धरून बसलो होतो. पंधरा दिवसांनी मध्यस्थांचा निरोप आला. मंडळी होळीनंतर घर पाहायला येतात. बाकी सगळं ठीक आहे, फक्त पोरगी म्हणते, मफलर काढून पाहायचं राहिलं.

बस्स! माझ्या हाती दीड महिना होता. गोटा केला की केस दाट येतात, हे तर अख्ख्या जगाला माहीत आहे. लहान पोरांचं जावळ काढतात ते उगीच काय? विचार केला, आत्ता सफाचट करू, होळीपर्यंत नवं पीक उभं राहील. प्रयोगशाळेत काम करणारा माणूस मी, पण आपल्या डोक्यावर बेतलं की विज्ञान कोणाला आठवतं!

ओळखीच्या सलूनमध्ये जायची लाज वाटली, म्हणून अकोल्याच्या बसस्टँडजवळ एका अनोळखी दुकानात गेलो. दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं होतं. पांढरी दाढी, आवाज मऊ. मी खुर्चीत बसलो, आरशात शेवटचं पाहून घेतलं आणि म्हणालो, "पूर्ण काढा."

"पूरा?"

"पूर्ण."

मन भरून आलं होतं. केस कसेही असले तरी आपले असतात. चाचांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, शेजारचा रेडिओ बंद केला आणि खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, काय कदर आहे या माणसाला केसांची! त्यांनी डोक्याला पाणी लावून असं काही चोळलं की माझा डोळा लागला.

जागा झालो तेव्हा आरशात कोणी भलताच माणूस बसला होता. डोकं तुळतुळीत, मागे बोटभर शेंडी, आणि मिशी गायब.

"चाचा, मिशी!"

चाचा गडबडले. "दहावा हाय ना, बाबू? मिशी तं काढाच लागते ना तुमच्यात."

"कोणाचा दहावा?"

"वालिद नाई गुजरले?"

"अहो, माझे बाबा ठणठणीत आहेत!"

त्यांच्या हातातला वस्तरा तसाच वर राहिला. आमच्याकडे डोकं आणि मिशी दोन्ही एकदम काढतात ती बाप गेल्यावरच. जिवंत बापाच्या पोराने असं केलं, म्हणजे त्याने बापाला जिवंतपणी पोचवलं. हे चाचांना कळत होतं आणि खुर्चीत बसताना मला सुचलं नव्हतं, यावरून कोण शिकलेलं ते ठरवा. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "तौबा, तौबा! मग आधी बोलाचं नाई काय?"

"तुम्ही तरी विचारायचं होतं!"

"आजकाल कोनी इचारते काय, बाबू," चाचा म्हणाले. "कास्तकाराचा पोरगा असा चेहरा घेऊन येते, पूरा काढा म्हणते. आमी आपलं गप काढून देतो." मग त्यांनी मला हाताला धरून दाराबाहेर आणलं. "सीधा घरी जा. बापाच्या पाया पड. मायले दुसऱ्या कोनी सांगाच्या आंधी पोच."

मी स्टँडवर पळालो. दर्यापूरची बस लागलेली होती. चढता चढता समोर पाहतो तर अमरावतीच्या बसच्या खिडकीत आमचे मध्यस्थ! माणूस रेल्वेतला, पण नेमका त्या दिवशी बसने निघालेला. त्यांनी मला पाहिलं. डोकं पाहिलं, मिशी पाहिली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी ओरडलो, "काका, तसं नाही! तसं काही नाही!" त्यांनी खिडकीतून हात जोडले, मग एका हाताने 'नको, नको बोलू' अशी खूण केली आणि डोळ्यांना रुमाल लावला. बस निघाली. मी तिच्यामागे स्टँडच्या फाटकापर्यंत धावलो. त्यामुळे माझ्या दुःखाची खोली त्यांना आणखीच वाढलेली दिसली असणार.

दर्यापूरहून गावाला जीप जायची. ड्रायव्हरने मला पाहिलं आणि पुढच्या सीटवरच्या दोघांना मागे पाठवून मला पुढे बसवलं. एरवी त्या सीटसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसायची. मागे आमच्या गावची आठ-दहा माणसं होती. जीपमध्ये गप्पा चालल्या होत्या त्या एकदम थांबल्या. एक म्हातारे हळूच पुटपुटले, "सकायीच तं पाह्यलं होतं मी त्याले. धुऱ्यावर उभा होता."

मी मागे वळलो. "अहो, बाबा चांगले आहेत. मी केसांसाठी..."

"हो बाबू, हो," म्हातारे म्हणाले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले. "बोलू नको. पानी पे."

दहाव्याला दहा दिवस लागतात, आणि बाबांना तर सकाळीच पाहिलेलं. हा साधा हिशेब त्या अख्ख्या जीपमध्ये एकालाही सुचला नाही. ड्रायव्हरने मधल्या एकाही फाट्यावर गाडी थांबवली नाही. ज्यांना तिथे उतरायचं होतं त्यांनीही थांबव म्हटलं नाही. धूळ उडवत जीप सरळ आमच्या दारात उभी राहिली आणि दहा माणसं तोंडाला दुपट्टे लावून खाली उतरली.

बाबा ओट्यावर बसून केस विंचरत होते.

मला पाहून माय दारातून किंचाळली, आणि किंचाळतानाच तिने मान वळवून बाबांकडे पाहिलं. ते आहेत याची खात्री झाल्यावर तिने माझ्या अंगावर झेप घेतली. "मेल्या, हे काय करून आला?"

बाबा सावकाश उठले. कंगवा खिशात ठेवला. "काय बे भैताडा," ते म्हणाले, "मी मेलो काय?"

मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतला. जीपमधली माणसं आलटून पालटून एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मग ते म्हातारे पुढे झाले आणि त्यांनी बाबांना मिठी मारली. बाबांचं आणि त्यांचं धुऱ्यावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. मायने दहा माणसांचा चहा टाकला. बाबा मात्र दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत; जेवायला बसले की माझ्याकडे पाठ करून बसायचे.

मी त्या दोन दिवसांत तीनदा दर्यापूरला जाऊन मध्यस्थांच्या बडनेऱ्याच्या ऑफिसात फोन लावला. तिन्ही वेळा कळलं की साहेब मोर्शीकडे गेलेत, कोणाच्या तरी तेरवीला जायचं आहे. कोणाची तेरवी ते मला बरोबर कळलं. दहावा झाला त्या दिवसापासून मोजून त्यांनी तिसरा दिवस पक्का केला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोर्शीची गाडी आली. मुलीचे वडील उतरले, पांढरे कपडे, खांद्यावर पांढरा दुपट्टा, हातात पिशवी. मागे मध्यस्थ. मी गोठ्यात लपलो होतो, कारण मोठ्या माणसाला साजेसं दुसरं काही मला त्या वेळी सुचलं नाही. फटीतून सगळं दिसत होतं. मुलीचे वडील खाली मान घालून ओट्यापर्यंत आले, पायातलं काढलं, वर पाहिलं. ओट्यावर बाबा शेंगा फोडत बसलेले.

"या," बाबा म्हणाले. "हे बी माह्याच तेरवीले आले वाटते."

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस चिडणार, फसवलं म्हणणार, आणि आठवा नकार पदरात पडणार. पण तो माणूस होता तिथे खाली बसला. पिशवी बाजूला पडली, तिच्यातून दुखवट्याची नवी टोपी आणि उपरणं बाहेर आलं. आणि तो हसला नाही, चिडला नाही, ओक्साबोक्शी रडू लागला. बाबांना त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

बाबांची फजिती झाली. शेंगा सोडून ते त्याला पाणी पाजू लागले. मध्यस्थ मायला परत परत सांगत होते की मी माझ्या डोळ्यांनी मिशी पाहिली, मिशी नव्हती. शेवटी बाबांनी हाक मारली, "बाहेर ये रे! तुह्यासाठी टोपी आनली पाहुन्यानं." मी अंगावरचा कडबा झटकत बाहेर आलो.

तीन दिवसांत डोक्यावर खुंट आले होते. केसांची एक मेख अशी, की गोटा केला म्हणून काही लपत नाही. खुंट उगवले की धुरा कुठवर सरकलाय ते मोजणीदाराने आखून दिल्यासारखं स्पष्ट दिसतं. वर लख्ख ऊन. मुलीच्या वडिलांनी डोळे पुसले आणि माझं डोकं निरखून पाहिलं, डावीकडून, मग उजवीकडून. फोटोतल्या माणसाचा आणि माझा काही संबंध उरला नव्हता.

"पोरीनं सांगतलं होतं, मफलर काढून पाहून या म्हणून," ते म्हणाले. "पाह्यलं."

मी सगळं सांगून टाकलं. पेन्सिल, मफलर, न दुखणारा कान, होळीपर्यंतचं पीक. मध्यस्थांनी कपाळावर हात मारला. मुलीचे वडील ऐकत होते. मग ते बाबांना म्हणाले, "खरं सांगतो. मी टोपी घेऊन आलो होतो, पन नाई म्हनासाठीच आलो होतो. आता बापाचं सारं या पोराच्या आंगावर पडन, त्यात माह्या पोरीले कुठं लोटू? रस्ताभर मी हेच घोकत आलो. तुमाले बसलेलं पाह्यलं अन् माह्या पायातलं बळच गेलं." दुपट्ट्याने तोंड पुसून म्हणाले, "केसाचं पोरगी पाहून घेईल. माह्याकडून हो हाय."

मायने साखर आणायला घरात धाव घेतली. बाबांनी पाहुण्यांच्या हातावर साखर ठेवली, गळाभेट घेतली, गाडीपर्यंत पोचवायला गेले, सगळं रीतसर केलं. पण हसले नाहीत. गाडी गेल्यावर ओट्यावर येऊन बसले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलले.

"त्या न्हाव्यानं तुले इचारलं, कायनं गेला म्हणून?"

"नाही."

"जीपमंधल्या कोनी?"

"नाही."

"ह्या पाहुन्यानं बी इचारलं नाई?"

"नाही, बाबा."

"म्हंजे सारे तयारच बसले होते," ते म्हणाले.

मी म्हणालो, लोक भैताड आहेत, सोडा.

"लोकाईचं सोडलं. तुले अकोल्याले येऊन कोनी सांगतलं असतं, तुहा बाप गेला. तू इचारलं असतं, कायनं?"

काहीतरीच काय बोलता, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या वर्षांत कॉलेजचा शिपाई 'तुमचा फोन आहे' म्हणत यायचा तेव्हा दर वेळी मी हातातली परीक्षानळी आधी खाली ठेवायचो. ऑफिसपर्यंत चालत जाताना कोणती बस धरायची, बहिणीला कोण आणेल, हे सगळं मी मनात ठरवून टाकायचो. फोन उचलला की निघायचं भलतंच काही, सिलिंडर संपलं नाही तर आत्या आली. हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि मला खोटं बोलता येईना. मला रडू फुटलं.

ते रागावले नाहीत. त्यांनी मला जवळ बसवलं, ती नवी टोपी उचलून माझ्या डोक्यावर दाबून बसवली आणि मोठ्याने, भांडल्यासारखे म्हणाले, "मी तसं काई करनार नाई. आयकलं काय? करनार नाई."

मग ते उठले आणि आत गेले. माय चुलीपुढे भाकर थापत होती. तिच्यासमोर उभे राहून त्यांनी तेच वाक्य तिलाही सांगितलं. माय 'बरं' म्हणाली, भाकर तव्यावर टाकली, आणि मग ती करपून काळी होईपर्यंत पदर तोंडाला लावून नुसती बसून राहिली.